दोन स्कोपस पेपर आणि सोयाबीनच्या पट्ट्यांची वही

पत्र थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका खाजगी एमबीए कॉलेजात नऊ वर्षांपासून शिकवणाऱ्या मॅडमचं पत्र आहे. पीएचडी झालीये, विषय आडत बाजारातली उधारी, म्हणजे शेतकरी पेरणीला आडत्याकडून, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून, उचल घेतो आणि मंग माल त्याच्याच दुकानात का घालतो. त्यासाठी दोन हंगाम त्यांनी बाजार समितीत उभं राहून पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, वहीत उतरवून घेतल्या. त्यावरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, एका जर्नलनं आठ दिवसात परत पाठवला, दुसऱ्यानं पाच महिन्यांनी "विषय फार स्थानिक आहे, थिअरीत काय भर पडली ते कळत नाही" असं लिहून नाकारला, तिसऱ्यानं दोन दिवसात स्वीकारला आणि लगेच फी मागितली. इकडे डायरेक्टर सर म्हणायलेत की मार्चच्या आत प्रत्येकाचे दोन स्कोपस पेपर पाहिजेत, म्हणजे स्कोपस नावाच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या जर्नलमध्ये छापलेले, आणि त्यात सरांचं स्वतःचं पण नाव पाहिजे. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका एजंटचा मेसेज फिरतोय, तयार पेपरवर नाव घालायचे पैसे, पहिल्या ऑथरचा एक रेट, तिसऱ्या ऑथरचा दुसरा. शेजारच्या टेबलावरच्या सरांचे चाळीस पेपर झालेत. पगार दोन-दोन महिने उशिरा होतोय, घराचा हप्ता चालू आहे. त्या विचारतात, "एकदाचा घेऊन टाकू का? का रिसर्च हा आपल्यासारख्या कॉलेजांचा विषयच नाही असं समजून गुमान शिकवत राहू?"

मॅडम,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसले, कारण एजंट, डायरेक्टर, मार्च आणि चाळीस पेपरवाले सर यांच्यावर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि त्या पट्ट्यांच्या वहीवर फक्त चार ओळी, पण त्या चार ओळीत तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय की उचल घेतलेल्या शेतकऱ्याला भाव कमी मिळतो असं सगळे म्हणतात, माझ्या वहीत तसं काही दिसत नाही, भाव जवळपास सारखाच आहे, फरक पडतो तो मॉइश्चर (ओलावा) आणि मातेऱ्याच्या (माती-कचऱ्याच्या) नावानं होणाऱ्या कपातीत. मी तिथंच थांबले. मी स्वतः मॅनेजमेंट शिकवण्यात आयुष्य घातलं, संभाजीनगरच्या अलीकडं-पलीकडं किती व्हायवा आणि किती सेमिनारला बसले असेल याचा हिशोब नाही, आणि असं वाक्य मला फार कमी वेळा ऐकायला मिळालंय. त्यामुळं आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते आणि मंग त्या वाक्याकडं वळते, कारण खरं बोलायचंय ते त्याच्यावरच.

पेपर विकत घेऊ नका. पहिल्या ऑथरचा नाही, तिसऱ्याचा पण नाही.

हे मी फक्त नीतीचं म्हणून सांगत नाही, नीती तर आहेच, वर्गात आपण बिझनेस एथिक्स शिकवतो आणि लेकरं आपल्याकडं बघत असतात. पण व्यवहार पण बघा. असे तयार पेपर ज्या कारखान्यातून निघतात तिथं एकाच साच्यातून ढिगानं माल बाहेर पडतो, तुमच्या नावाशेजारी पाच अनोळखी माणसं असतात आणि विषय असा असतो की ज्याच्यावर तुम्हाला इंटरव्ह्यूत कुणी दोन प्रश्न विचारले तर घाम फुटावा. मोठी प्रकाशनं आता असे पेपर शोधून मागे घ्यायलीत, आणि मागे घेतलेला पेपर गायब होत नाही, तुमच्या नावासकट त्याच्यावर तसा शिक्का मारून तो कायम तिथंच राहतो. २०२५ च्या एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या, रँकिंगपासून तर मागे घेतलेल्या पेपरांसाठी संस्थेचे मार्क कापायला सुरुवात झालीये. म्हणजे जे मार्क वाढवायला पैसे घालायचे तेच उलटून संस्थेवर येऊ शकतात आणि त्या दिवशी डायरेक्टर सर "आम्ही तर चांगल्या मनानं सांगितलं होतं" असं म्हणतील, सही तुमची असेल. आणि ज्याला तुम्ही पैसे दिले त्याच्याकडं तुमचा नंबर, पैसे पाठवल्याची पावती, सगळं असतंय, ही भीती आयुष्यभर बाळगण्याइतका तो पेपर मोठा नाही.

आता तुम्ही ज्या गोष्टी गृहीत धरून पत्र लिहिलंय त्या एकेक बघू.

तुम्ही म्हणता सगळेच करतात. मॅडम, याच्यात थोडं खरं आहे आणि ते लपवून मी तुम्हाला उपदेश करणार नाही. २०१० मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, शिक्षकांच्या बढतीसाठी एपीआयचे गुण आणले, पेपरला गुण, सेमिनारला गुण, पुस्तकातल्या प्रकरणाला गुण, आणि मंग आपल्याकडं काय झालं ते तुम्ही विद्यार्थी म्हणून बघितलं असेल, प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक दिवसाचा राष्ट्रीय सेमिनार, फाईल, पेन, जेवण, सर्टिफिकेट आणि आयएसबीएन नंबर टाकलेलं जाडजूड प्रोसीडिंग, म्हणजे सेमिनारमधल्या पेपरांचं पुस्तक. त्यात माझा पण एक पेपर आहे. २०११ च्या आसपासचा, पैसे भरून दिलेला, ग्राहक समाधानावर, पन्नास-साठ फॉर्म घाईघाईनं भरून घेतलेले. तो कुणीच वाचला नाही, ज्यांनी छापला त्यांनी पण नाही, आणि मला तो आजही टोचतो कारण ज्या लोकांनी दुकानात उभं राहून माझे फॉर्म भरले त्यांचा वेळ मी वाया घालवला. म्हणून हे मी वरून खाली बघत सांगत नाही.

पण सगळे करतात म्हणून ते चालून गेलं असं झालं नाही बरं का. २०१८ मध्ये पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली जर्नल्स तपासली, विद्यापीठांनी सुचवून यादीत घातलेल्यांपैकी जी तपासली त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची असू शकतात असं त्यांनी करंट सायन्स या जर्नलमध्ये मांडलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं यादीतून ४,३०५ जर्नल्स एका झटक्यात काढून टाकली. २०१९ मध्ये त्या जागी यूजीसी-केअर नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पण बंद केल्याचं जाहीर झालं, आता जर्नल चांगलं का वाईट हे ठरवायची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर. म्हणजे बघा, पंधरा वर्षांत मोजायची पट्टी किती वेळा बदलली. ज्यांनी त्या-त्या वर्षीच्या यादीकडं बघून पेपर जमवले त्यांच्या फायली जाड झाल्या पण हातात काय उरलं हा प्रश्न त्यांनाच विचारा, चाळीस पेपरवाल्या सरांना पण एखाद्या निवांत दुपारी विचारा, कुचकेपणानं नाही, मनापासून, की सर यातला तुमच्या आवडीचा कोणता? माझा अनुभव असा आहे की त्या प्रश्नावर माणूस बराच वेळ गप होतो आणि मंग खरं बोलायला लागतो.

दुसरं, तुम्ही असं धरून चाललात की हा आकडा संस्थेच्या खऱ्या गरजेतून आलाय. एनआयआरएफच्या मॅनेजमेंट गटात रिसर्चला शंभरातले ३० मार्क आहेत हे खरंय, आणि पेपरांचा आकडा ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या याद्यांमधून स्वतःच उचलतात, पण त्या शंभराच्या यादीत जागेसाठी आयआयएम, आयआयटीचे मॅनेजमेंट विभाग आणि मोठमोठी खाजगी विद्यापीठं भांडत असतात. मराठवाड्यातल्या तीन-चार खोल्यांच्या एमबीए विभागाला आठ मास्तरांचे सोळा पेपर त्या यादीत नेऊन बसवतील असं मला वाटत नाही आणि मनातल्या मनात तुमच्या डायरेक्टर सरांना पण वाटत नसेल. त्यांच्यावर वेगळं ओझं आहे, ॲडमिशन, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची भेट, संस्थाचालक, फीची थकबाकी. त्यांना कागदावर दाखवायला काहीतरी पाहिजे आणि स्कोपस हा शब्द सध्या सगळ्यात जड आहे. हे समजून घेतलं की त्यांच्याशी बोलणं सोपं जातं, त्यावर पुढं येते.

हा पेपरचा आग्रह मुळात आला कुठून हे पण एकदा बघावं. अमेरिकेत १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी फाउंडेशनचे दोन अहवाल आले, बिझनेस स्कूलमधलं शिक्षण फार वरवरचं आहे, संशोधन वाढवा, असा त्यांचा सूर, आणि तिथल्या स्कूलांनी संशोधनाचा तो रस्ता धरला. १९६१ मध्ये आपल्याकडं कलकत्ता आणि अहमदाबादची आयआयएम उभी राहिली, एक एमआयटीच्या मदतीनं, दुसरी हार्वर्डच्या. तिथल्या लोकांकडं वेळ होता, लायब्ररी होती, आठवड्याला मोजके तास होते. आपण त्यांच्याकडून पेपर मोजायची रीत घेतली आणि तो वेळ, ती लायब्ररी काही घेतली नाही. तुम्ही लिहिलंय आठवड्याला बावीस तास घेते, वर ॲडमिशनसाठी गावोगाव फिरते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला शिकवायचे तास १६ आहेत. तर मॅडम, पेपर होत नाही याचा अर्थ तुमच्यात काही कमी आहे असा लावू नका. बावीस तास शिकवून, घर सांभाळून दोन हंगाम बाजारात उभं राहणारं माणूस मला तरी दुसरं माहीत नाही.

आता त्या वाक्याकडं येते, "विषय फार स्थानिक आहे."

हे वाचून तुम्ही असं धरलं की लातूर छोटं म्हणून विषय छोटा. मला वाटतं तुम्हाला परीक्षकाचं म्हणणं नीट लागलेलं नाही, आणि त्यानं पण ते नीट सांगितलेलं नाही. तुमच्या पेपरचा पहिला परिच्छेद तुम्ही पत्रासोबत पाठवलाय, त्यात मराठवाड्याचे आठ जिल्हे, पाऊस, लातूर बाजार समितीचा इतिहास, सोयाबीनचं क्षेत्र, सगळं आहे, फक्त तुमचा प्रश्न नाही. तो अकराव्या पानावर येतो. लांब बसलेल्या वाचकाला अकराव्या पानापर्यंत चालत यायला लावलं तर तो वाटेतच परत फिरणार.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन कोण कोण बसलं होतं ते सांगते. जॉर्ज अकरलॉफ नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ १९६७-६८ मध्ये वर्षभर दिल्लीला भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेले. त्यांचा १९७० चा तो प्रसिद्ध पेपर जुन्या गाड्यांच्या बाजारावर आहे, विकणाऱ्याला मालाची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, त्यानं बाजार कसा नासतो. पण त्याच पेपरात भारतातल्या सावकारीवर पण लिहिलंय, गावातला सावकार इतकं जास्त व्याज लावतो तरी बाहेरचा माणूस येऊन कमी व्याजात धंदा का करू शकत नाही, कारण कोण परत देईल आणि कोण बुडवेल हे त्याला माहीत नसतं. हा पेपर तीन जर्नल्सनी नाकारला होता. कुणी म्हणालं विषय किरकोळ आहे, कुणी म्हणालं हे असं असूच शकत नाही. चौथ्यानं छापला आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. तुम्हाला नोबेल मिळेल म्हणून हे सांगत नाही, तुमचा आडत्या आणि तुमचा शेतकरी हे त्या थिअरीच्या अगदी मधोमध उभे आहेत म्हणून सांगते. मॉइश्चर किती हे आडत्याला कळतं, शेतकऱ्याला फक्त ऐकायला मिळतं. ही माहितीचीच दरी आहे ना.

अजून जवळचं सांगते. अर्थशास्त्रज्ञ प्रणब बर्धन आणि अशोक रुद्र यांनी १९७८ मध्ये पूर्व भारतातल्या गावांची पाहणी करून इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत लिहिलं की जमीन, मजुरी आणि कर्ज हे तीन वेगळे व्यवहार दिसतात पण ते एकमेकात बांधलेले असतात. तुमची उचल आणि माल घालणं म्हणजे तसंच बांधलेलं प्रकरण, कर्जाचं व्याज कागदावर दिसत नाही, ते दुसरीकडून वसूल होतंय का हाच तर तुमचा प्रश्न. आणि अपराजिता गोयल यांचा २०१० चा पेपर तर सोयाबीनवरच आहे, मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीनं गावात इंटरनेटची केंद्रं बसवली, शेतकऱ्याला घरबसल्या भाव कळायला लागला, त्यानं जवळच्या मंडीतला भाव १ ते ३ टक्के वाढला असं त्यांनी दाखवलं. तो अमेरिकेतल्या मोठ्या जर्नलमध्ये आला. तिथं कुणी म्हणालं नाही की मध्य प्रदेशची मंडी फार स्थानिक आहे. आपल्याकडंच बघायचं तर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं १९३० च्या दशकात एकट्या वाई तालुक्यातल्या शेतीच्या धंद्याची पाहणी केली होती, फक्त एक तालुका.

तर पेपर पुन्हा लिहा, पण असा लिहा. पहिल्या ओळीत प्रश्न. सगळे समजतात की उधारीची किंमत शेतकरी भावातून मोजतो, माझ्या पट्ट्या दाखवतात की तो कपातीतून मोजतो. दुसऱ्या परिच्छेदात, हे आधी कुणी विचारलंय, बर्धन-रुद्र, गोयल, आणि भावावर लक्ष ठेवून त्यांना कपात का दिसली नसेल किंवा दिसली असेल तर किती. मॅनेजमेंटच्या जर्नलला पाठवायचं असेल तर हार्वर्डच्या तरुण खन्ना आणि कृष्णा पलेपू यांचं १९९७ पासूनचं काम वाचा, जिथं बँक, माहिती देणारे, करार पाळून घेणारे असे मधले लोक कमी असतात तिथं ती पोकळी कोण भरून काढतं यावर ते लिहितात, मोठ्या उद्योगसमूहांबद्दल. आपल्या बाजारात ती पोकळी आडत्या भरतो, तोच बँक, तोच गोदाम, तोच हमी, कधी कधी लग्नाला पैसे देणारा पण तोच. हे कुणीतरी लिहायला पाहिजे आणि लातूरला बसून लिहायला जास्त सोपंय. लातूरची माहिती त्यानंतर, आणि तेवढीच जेवढी प्रश्न समजायला लागते.

हे सगळं एका पेपरात कोंबू नका. तुमच्या प्रबंधात तीन पेपर आहेत, कपातीचा एक. दुसरा बघा, डिसेंबर २०२१ मध्ये शेअर आणि वायदे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले, तुमचा एक हंगाम त्याच्या आधीचा आहे आणि एक नंतरचा, वायद्याचा भाव बघून आडत्या उचल ठरवायचा असं तुम्हीच लिहिलंय, मंग वायदे गेल्यावर तो कशाच्या आधारानं ठरवायला लागला? दोन हंगामांवर फार मोठं बोलता येणार नाही, पाऊसमान, बाहेरचा बाजार, सगळंच बदललेलं असतंय, पण आडत्यांच्या मुलाखती तुमच्याकडं आहेत आणि त्या बोलक्या असतील. तिसरा नंतर.

एक तांत्रिक अडचण येईल ती आधीच सांगते. तुमचा प्रबंध शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात आहे, त्यातून काढलेला पेपर कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला की साम्य भरपूर दाखवतं, आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांच्या वर गेलं की प्रश्न सुरू होतात. घाबरू नका, वाक्यं नव्यानं लिहा, ती तशी पण नव्यानंच लिहायला पाहिजेत, आणि संपादकाला पत्रात स्पष्ट कळवा की हे माझ्याच प्रबंधावर आधारित आहे. चांगले संपादक याला हरकत घेत नाहीत.

आता ते दोन दिवसात पेपर घेणारं जर्नल. पैसे भरू नका. आजच मेल टाका की मी पेपर मागे घेते, कुठल्या कॉपीराइट फॉर्मवर सही केली असेल तर तो फॉर्म शोधून काढा, आणि मागे घ्यायची फी मागितली तर ती पण देऊ नका. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत पेपर दुसरीकडं पाठवू नका, एकाच वेळी दोन ठिकाणी गेला असं व्हायला नको. उत्तर आलंच नाही तर दोन-तीन मेल पाठवून त्यांच्या कॉप्या जपून ठेवा आणि नव्या जर्नलच्या संपादकाला खरं काय झालं ते कळवून मंग पाठवा.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण सांगते, कारण दर आठवड्याला असे मेल येतात. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख नंबर, असणं म्हणजे दर्जा नाही, तो गाडीच्या नंबरप्लेटसारखा आहे, ब्रेक लागतात का नाही हे तो सांगत नाही. साइटवर स्कोपस लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, स्कोपसच्या स्वतःच्या सोर्सेसच्या पानावर जाऊन नाव फुकट शोधता येतं, आणि तिथं नाव सापडलं तरी ते अजून चालू आहे का यादीतून बंद केलंय ते बघा. साइटचा पत्ता पण जुळवून बघा, कारण जुन्या चांगल्या जर्नलच्या नावानं डुप्लिकेट साइट उघडून पैसे गोळा करणारे पण आहेत, त्यात भलेभले फसलेत. संपादक मंडळातल्या दोघांची नावं घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवर ती माणसं आहेत का बघा. आणि सगळ्यात सोपं, मागच्या अंकातले दोन लेख पूर्ण वाचा. वाचून लाज वाटली तर तिथं आपलं नाव नको. फी मागतात म्हणजे लगेच खोटंच असं पण नसतं, काही चांगली ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचायला फुकट असलेली, जर्नल्स लेखकाकडून फी घेतात, डीओएजे नावाची यादी त्यासाठी बघता येते, पण पेपर वाचायच्या आधी फीची घाई करणारा माणूस संपादक नसतो.

तुमच्यासाठी मला तीन-चार जागा दिसतात. इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली, अहमदाबाद आयआयएमचं विकल्प, कलकत्त्याचं डिसिजन, बंगळूरचं आयआयएमबी मॅनेजमेंट रिव्ह्यू. सगळीकडं वेळ लागेल, नकार पण येईल, पण नकारासोबत कुणीतरी वाचून लिहिलेलं एक पान आलं तर ती फुकटात मिळालेली शिकवणी समजा. प्रत्येकाचे आजचे नियम त्यांच्या साइटवर जाऊन स्वतः वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

वाचायला जर्नल्स कुठून आणायची हे पण तुम्ही विचारलंय. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना सुरू झालीये, जवळपास १३,००० जर्नल्स, पण ते सरकारी संस्थांना आहे, तुमच्यासारख्या खाजगी कॉलेजाला नाही, आणि हा अन्यायच आहे असं मला वाटतं कारण एमबीएची बहुतेक लेकरं खाजगीतच शिकतात. तोवर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसायची परवानगी काढा, तुमच्या गाईडचं पत्र घेऊन. महिन्यातला एक शनिवार. आणि ज्या लेखकाचा पेपर पाहिजे त्याला सरळ मेल करा, चार ओळींचा, मी लातूरच्या बाजारावर काम करते म्हणून. लेखक लोक बहुतेक वेळा आनंदानं पाठवतात, मला स्वतःला असे कितीतरी पेपर मिळालेत.

डायरेक्टर सरांशी मात्र बोलावं लागेल, ते टाळून चालणार नाही. स्टाफ मीटिंगमध्ये नाही, केबिनमध्ये, दुपारचा चहा झाल्यावर. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका, एका पानावर लिहून न्या. "सर, मार्चपर्यंत स्कोपसमध्ये छापून येणं कुणाच्याच हातात नाही, पण मार्चपर्यंत एक पेपर चांगल्या जर्नलला पाठवल्याची पोच मी देते, आडत बाजारावरची एक केस, म्हणजे वर्गात चर्चेसाठी खऱ्या धंद्याचा प्रसंग, लिहून शिकवते त्याची नोंद देते, आणि बाजार समितीत आपल्या कॉलेजच्या नावानं शेतकरी आणि आडत्यांची एक बैठक घेते, फोटो आणि अहवालासकट." नॅकवाले संशोधनासोबत विस्तारकार्य, म्हणजे कॉलेजबाहेर लोकांसाठी केलेलं काम, पण बघतात, ही बैठक तिथं खरोखर उपयोगाची आहे, आणि सरांना कागदावर दाखवायला काहीतरी पाहिजे होतं ते मिळतंय. बदल्यात दोन गोष्टी मागा, आठवड्यातली एक दुपार मोकळी आणि तासांमध्ये थोडी सूट. दोन्ही मिळतील असं नाही. एक तरी घ्या. आणि विकत घेतलेल्या पेपरच्या धोक्याबद्दल, मार्क कापले जातात त्याबद्दल, त्यांना सांगा, कदाचित त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

नावाचं काय? हे अवघड आहे, कारण आपल्याकडं सरांचं नाव घालणं हा मान देण्याचा प्रकार समजतात आणि नाही म्हटलं की उद्धटपणा. मी असं सुचवीन की नाही म्हणू नका, काम द्या. "सर, तुमची सोयाबीन घेणाऱ्या तेल मिलवाल्यांशी ओळख आहे, कपातीच्या मुद्द्यावर त्यांची बाजू माझ्याकडं कमी आहे, तुम्ही चार-पाच मुलाखती घडवून आणल्या आणि ड्राफ्ट वाचून त्यावर लिहिलंत तर आपण दोघं मिळून लिहू." त्यांनी केलं तर पेपर सुधारेल आणि त्यांचं नाव हक्काचं होईल. नाही केलं तर आभारात मानानं नाव घाला. यावर चिडून त्यांनी नोकरीची भाषा केली तर ती लेखी मागा, तोंडी धमकीचं सहसा लेखी पत्र होत नाही. तरीही गोष्ट खरंच नोकरीवर आली तर, मॅडम, घराचा हप्ता आहे हे मी विसरले नाही, तेव्हा आजपासूनच विद्यापीठ विभागातल्या, दुसऱ्या कॉलेजांच्या जाहिराती बघत रहा, तासिका तत्त्वावरच्या पण. पगार दोन महिने थकवणाऱ्या जागेवर तशी पण पूर्ण भिस्त ठेवू नये.

राहिला तुमचा दुसरा पर्याय, रिसर्च सोडून गुमान शिकवणं. त्याला मी कमी लेखणार नाही. चांगलं शिकवणं हे पूर्ण काम आहे, आणि ज्याला संशोधनाची आवड नाही त्यानं नुसतं चांगलं शिकवावं, त्याच्याकडून जबरदस्तीनं पेपर लिहून घेणं हे त्याचं आणि वाचणाऱ्याचं दोघांचं नुकसान आहे. हे वाचणारे असे कुणी असतील तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पूर्वी कुठंतरी पैसे भरून पेपर दिलाय अशी बोच ज्यांना असेल त्यांनी पण स्वतःला कोसत बसू नका, तो बायोडाटातून काढा, पुन्हा देऊ नका, विचारलं तर खरं सांगा.

पण तुमचं तसं नाही. ज्याला आवड नसते ते पहाटे बाजारात जाऊन हमालांशी बोलत नाही. म्हणून तुम्हाला अजून एक सांगते. इंग्रजी पेपर जायच्या आधी त्याच गोष्टी दोन पानांत मराठीत लिहा, आकडे साधे, शब्द बाजारातले, आणि ज्यांनी पट्ट्या दाखवल्या त्यातल्या दहा शेतकऱ्यांना आणि चार आडत्यांना वाचून दाखवा. आडते चिडतील, काही जण म्हणतील मॅडम तुम्हाला अर्धंच कळलंय, आणि ते अर्धं राहिलेलं काय ते तिथंच कळेल. कुठली पट्टी कुणाची आहे हे मात्र कुठंच उघड होऊ देऊ नका, गाव पण बदला, उद्या त्याला तिथंच माल घालायचाय.

आणि वर्गात. तुमच्या वर्गातली निम्मी लेकरं आडत, खत-बियाणं, डाळ मिल, ऊसतोडीच्या मुकादमाच्या घरातून आली असतील, त्यांना आपण परदेशातल्या सुपरमार्केटच्या केसा शिकवतो. एकदा त्यांच्यासमोर नाव न घेता एक पट्टी ठेवा, भाव, वजन, कपात, हमाली, तोलाई, आधीची उचल वजा, हातात आलेली रक्कम, आणि विचारा यात व्याज कुठंय. मी जालन्याच्या पोरांसोबत बियाण्याच्या उधारीवर असं केलं होतं, एरवी मागच्या बाकावर गप बसणारा मुलगा उठून फळ्यापाशी आला होता.

दसऱ्यानंतर आवक वाढेल तेव्हा एक दिवस पुन्हा वही घेऊन बाजारात जा, पेपरमधली एक जागा मला अजून कच्ची वाटते. मॉइश्चरचं मशीन कुणाच्या हातात असतं, दाणे कुठल्या पोत्यातून घेतात, वरच्या का तळाच्या, आकडा शेतकऱ्याला दाखवतात का नुसता सांगतात, आणि उचल घेतलेला शेतकरी दुसऱ्यांदा मोजा म्हणतो का, हे बघून लिहून आणा. तुमच्या पट्ट्यांमध्ये याचं उत्तर नाही, ते तिथं उभं राहूनच दिसेल.